तांबी, महालक्ष्म्या आणि दवा बाजारवाला नवरा

माझा नवरा दवा बाजारात आहे. इंदूरवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, एमवाय हॉस्पिटलच्या जवळ औषधांचं होलसेल मार्केट आहे, तिथे एका स्टॉकिस्टकडे तो अकरा वर्षांपासून आहे. म्हणजे पाळणा लांबवायच्या गोळ्यांची खोकी, कंडोमचे कार्टन, ती ७२ तासांवाली गोळी, हे सगळं दिवसभरात त्याच्या हातून किती जात असेल देव जाणे. आणि घरी? दुसऱ्या बाळंतपणानंतर अख्खं वर्ष आम्ही दोघं या विषयावर एक पूर्ण वाक्य बोललो नव्हतो.

आता हे लिहायला बसले कारण गेल्या वर्षभरात माझ्या दोन मावसबहिणी आणि ऑफिसातली एक जण, अशा तिघींनी मला विचारलं की कॉपर-टी (म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती तांब्याची तांबी) बसवताना खूप दुखतं का गं. तिघींशी मी फोनवर तासतासभर बोलले आणि तिन्ही वेळा हेच झालं की दुखतं का याचं उत्तर पाच मिनिटांत संपलं आणि उरलेला वेळ मी नवरा, सासूबाई, महालक्ष्म्या आणि एका रिसेप्शनवरच्या बाईबद्दलच बोलत होते. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते.

तर मे २०२४. मुलगी सहा वर्षांची, मुलगा नुकताच वर्षाचा झालेला. मी अजून अंगावर पाजत होते आणि आमच्याकडे सगळ्या बायकांचं ठाम मत की पाजणाऱ्या बाईला दिवस जात नाहीत. हे अर्धंच खरं आहे हे मला फार उशिरा माहीत पडलं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं पाहिजे, दिवसरात्र फक्त अंगावरच पाहिजे, वरचं काही नको आणि पाळी परत सुरू झालेली नको, या सगळ्या गोष्टी एकदम असतील तरच त्यावर भरवसा. आमचे चिरंजीव सातव्या महिन्यापासून वरणभात चापत होते आणि माझी पाळी आठव्यात आली होती. मग आम्ही काय करत होतो तर "सांभाळून" होतो. सांभाळून म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. आणि सांभाळण्यात गडबड झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब खिशातून त्या ७२ तासांवाल्या गोळीची एक स्ट्रिप काढून गुपचूप माझ्या उशीखाली ठेवून द्यायचे. चार महिन्यांत तीनदा घेतली ती गोळी. ती कधीतरी अडीअडचणीला घ्यायची असते, महिन्याच्या किराण्यासारखी भरायची नसते, हे त्याच्या तरी लक्षात यायला पाहिजे होतं की नाही? रोज विकतो ना!

त्या गोळ्यांनी पाळीचा पार बट्ट्याबोळ झाला. मे महिन्यात अकरा दिवस वर गेले. सकाळी साडेपाचला बाथरूममध्ये ती टेस्टची पट्टी हातात धरून बसले होते, बाहेर सासूबाईंची पूजेची घंटी चालू, मुलगा पाळण्यात कुरकुरतोय आणि मी ती दुसरी रेघ येतेय का हे इतकं डोळे फाडून बघत होते की एकदा वाटलं आलीच. नव्हती आली. मी तिथेच पाटावर बसून रडले आणि मग उठून डबे भरले.

रात्री सांगितलं त्याला. मला वाटलं घाबरेल, काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "बरं, मग तू म्हणशील तसं करू."

तू म्हणशील तसं. हे वाक्य त्या वेळी मला गोडच वाटलं हो. माझ्या नणंदेच्या घरी तर नवरा कंडोमचं नाव काढू देत नाही, त्या मानाने आपला किती चांगला. दुसऱ्या दिवशी तो आपणहून गोळ्यांचं पाकीट घेऊन आला, रोजच्या, एकवीस दिवसांच्या. ट्रेड रेटमध्ये. मी चार दिवस घेतल्यासुद्धा.

आता मला अर्धशिशी आहे, कॉलेजपासून. डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढे वेड्यावाकड्या चकचकीत रेघा येतात, दिसायला अर्धं बंद होतं आणि मग वीसेक मिनिटांनी डोकं. घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यालाही. पण या रेघावाल्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या असल्या गोळ्या घ्यायच्या नसतात, पक्षाघाताचा धोका वाढतो, हे ना मला माहीत ना त्याला. पाचव्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीने ओरडून बंद करायला लावल्या, तिची बहीण नर्स आहे म्हणून तिला ठाऊक. नाहीतर मी घेतच राहिले असते, नवऱ्याने प्रेमाने आणल्या म्हणून.

मग मी ठरवलं की कॉपर-टी. घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये एकटीच गेले, लंच टाइममध्ये. नाव नाही लिहीत. रिसेप्शनवरच्या बाईने फॉर्म दिला, मी भरला, तिने उलटसुलट बघितला आणि एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाकावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या, "मैडम, इसमें भैया के साइन लगेंगे. उनको पता है ना?" मी म्हटलं पता है, पर साइन क्यों. तर म्हणे हमारे यहाँ का नियम है. मी म्हटलं शरीर माझं आहे, फॉर्मवर नाव माझं आहे. ती म्हणाली, बाद में लफड़ा होता है मैडम, हसबैंड लोग आके चिल्लाते हैं.

खरं सांगू तर तिचाही मला फार राग आला नाही. तिच्यावर कोणी ना कोणी चिल्लाया असेलच. पण सरकारच्या नियमांत नवऱ्याची संमती कुठेच लागत नाही, कॉपर-टीला तर नाहीच, बाईच्या नसबंदीच्या ऑपरेशनलासुद्धा लागत नाही, सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. हे मी रात्री पाळण्याची दोरी ओढत मोबाइलवर शोधून काढलं. त्याच रात्री आणखी एक वाचलं. देशभराचं आरोग्य सर्वेक्षण होतं ना, २०१९-२१वालं, त्यात लग्न झालेल्या शंभर बायकांमागे जवळजवळ ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं, कॉपर-टीवाल्या फक्त दोनेक, आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्या किती? ०.३. म्हणजे हजारात तीन! आणि त्याच सर्वेक्षणात शंभरातले ३५ पुरुष म्हणाले की हा बायकांचा विषय आहे, पुरुषाने डोक्याला ताप करून घ्यायचं कारण नाही. आणि आपण मराठी लोक अभिमानाने सांगतो की र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. काढलं होतं खरं. मग पुढे?

घरी येऊन सहीचं सांगितलं तर हा काय म्हणाला असेल? "मग मी करून देतो ना सही, त्यात काय एवढं, दे फॉर्म."

तिथे माझं डोकं फिरलं. भांडण झालं, मोठं झालं, कुजबुजत झालं कारण पलीकडे सासू-सासरे आणि मधे एक पडदा. मी म्हटलं तुझी सही कशावर? मी आत झोपणार, मला टोचणार, मला रक्त जाणार, कुठली गोळी माझ्या डोक्याला चालते हे मी शोधणार, कोणता डॉक्टर हे मी बघणार, आणि तू येऊन सही करणार, साहेबांसारखी? तो खरंच गोंधळला. म्हणाला, "अगं पण मी कधी नाही म्हटलंय का कशाला?"

आणि हेच तर होतं. त्याने कधीच नाही म्हटलं नव्हतं. नाही न म्हणण्यालाच तो साथ देणं समजत होता, आणि खोटं कशाला बोलू, तोपर्यंत मीही तेच समजत होते. "तू म्हणशील तसं" म्हणजे ठरवायचं तू, शोधायचं तू, चुकलं तर तुझंच चुकलं. मी त्याला म्हटलं, मला तुझी परवानगी नको आणि मोकळीकही नको, ती माझ्याकडे आहेच, तू फक्त माझ्याबरोबर येऊन बस आणि मी ऐकते ते सगळं तूपण ऐक. एवढंच.

दुसरी डॉक्टर अन्नपूर्णा रोडच्या बाजूची, मैत्रिणीने सांगितलेली. हा हाफ डे टाकून आला. तिथे मला एक गोष्ट फार आवडली. त्यांनी आधी मला एकटीला आत घेतलं, दार लावलं आणि विचारलं, ये आप चाहती हैं या घर में किसी ने कहा है? मी म्हटलं मीच. मग म्हणाल्या, पति बाहर हैं, बुलाऊँ या नहीं, आप बताइए. म्हणजे तो आत आला तो मी बोलावलं म्हणून आला. त्या एका प्रश्नाने मला किती बरं वाटलं सांगता येत नाही.

मग त्यांनी सगळं टेबलवर मांडलं, अक्षरशः, त्यांच्या ड्रॉवरमध्ये एकेक नमुना होता. अंतरा इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी, सरकारीत फुकट, पण पाळी अनियमित होऊ शकते किंवा बंदच होते आणि सोडल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात. छाया गोळी, हार्मोनवाली नाही, आपल्याच लखनौच्या संशोधन संस्थेत निघालेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. ती मला आवडली होती पण मी आठवड्यातून एकदा तुळशीला पाणी घालायचं विसरते. दंडात कातडीखाली बसवायची काडी, तीन वर्षांची, ती त्यांच्याकडे नव्हती. हार्मोनवाली टी, तिच्याने पाळी उलट कमी होते, पण काही हजारांचा खर्च. आणि साधी तांब्याची, ३८० ए, दहा वर्षं चालते, दुसरी एक ३७५ असते ती पाच वर्षांची. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, बीज फळतच नाही, म्हणजे गर्भ राहून पडतो असलं काही नसतं. हार्मोन नाही त्यामुळे माझ्या डोक्याशी काही संबंध नाही, अंगावर पाजायलाही चालते, आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. शंभर बायकांत वर्षाला एखादीला फेल जाते, तेवढीच. पण, त्या म्हणाल्या, पहिले तीन ते सहा महिने ब्लीडिंग जास्त होईल, पोटात दुखेल, और इसी में कई औरतें घबरा के निकलवा लेती हैं क्योंकि घर में कोई समझता नहीं. हे बोलताना त्या माझ्याकडे नव्हत्या बघत, त्याच्याकडे बघत होत्या.

आमचे साहेब तोवर प्रत्येक वस्तूची कंपनी आणि एमआरपी विचारत होते. सवय. मी टेबलाखालून चिमटा काढला.

मग डॉक्टर सहज म्हणाल्या, और एक रास्ता आपका भी है भैया. बिनटाक्याची नसबंदी, जागा बधिर करून वीसेक मिनिटांत होते, घरी जायचं, दोन-तीन दिवस आराम, पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. बाईच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपं. नवऱ्याने घड्याळ बघितलं. मी काही बोलले नाही.

त्याचं कारण मला माहीत होतं म्हणून. त्याचे आजोबा शाळामास्तर, आणीबाणीत मास्तर लोकांना "केस", म्हणजे नसबंदीला माणसं, आणायचा कोटा होता, नाही आणल्या तर पगार अडायचा. आजोबांना कोणी मिळेना तर ते स्वतःच केस झाले. ही गोष्ट त्यांच्या घरात हळू आवाजात सांगितली जाते आणि सांगून झाल्यावर कोणीतरी विषय बदलतो. त्या घरातल्या मुलाला तू उद्या जाऊन झोप टेबलावर असं मी कसं म्हणू? म्हणायला पाहिजे होतं असंही वाटतं. दोन्ही वाटतं.

तर कॉपर-टी ठरली. आम्ही दोघांनी ऐकून ठरली, एवढा फरक.

६ जुलै, शनिवार, पाळीचा तिसरा दिवस. पाळी चालू असताना बसवली तर दिवस नाहीत याची खात्री असते आणि गर्भाशयाचं तोंड जरा सैल असतं म्हणून. बाहेर धो धो पाऊस. आता दुखतं का ते सांगते. आधी लघवीला पाठवलं, मग त्या टेबलावर पाय वर करून झोपायचं, तो थंडगार चिमटा, त्याची सवय आपल्याला दोन बाळंतपणांत झालेली असते. आतून तपासलं, पुसून घेतलं. मग गर्भाशयाचं तोंड धरतात, तेव्हा कचकन चिमटा बसतो. मग एक सळी घालून आतली लांबी मोजतात, माझी साडेसात सेंटीमीटर, हे मला का लक्षात राहिलंय माहीत नाही. तेव्हा आतून एक कळ येते, पाळीतली सगळ्यात वाईट कळ घ्या आणि तिला दुप्पट करा, पण अर्धा मिनिट. मग नळीतून ती टी आत, पुन्हा एक कळ, मग दोरा कापल्याचा कट असा आवाज, संपलं. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल असतील तर सोपं जातं म्हणतात. मला उठल्यावर गरगरलं, घाम फुटला, तर नर्सने परत झोपवलं आणि बाहेर ओरडली, "भैया, अंदर आ जाओ, पानी दो इनको."

तो आला तर माझ्यापेक्षा त्याचाच चेहरा पांढरा. हातात पोह्यांचं पार्सल. मला म्हणे, "जीरावन वेगळं बांधून घेतलंय, तुला पोटात त्रास होईल म्हणून." (जीरावन म्हणजे पोह्यांवर घालायचा आमच्याकडचा मसाला.) मी त्या टेबलावर पडल्या पडल्या हसले आणि हसल्यावर परत कळ आली. एक कार्ड मिळालं, त्यावर बसवल्याची तारीख आणि काढायची, जुलै २०३४. स्कूटरवरून न्यायचं नाही असं त्याने परस्पर ठरवलं होतं, रिक्षा बाहेर थांबवून ठेवलेली.

आता खरी गोष्ट सुरू होते.

पहिली पाळी ऑगस्टमध्ये, नऊ दिवस. नेहमीच्या दुप्पट पॅड. ऑफिसात मी काळी सलवार सोडून दुसरं काही घातलं नाही. डॉक्टरांकडे गेलो, दोरा जागच्या जागी, सगळं ठीक, हिमोग्लोबिन मात्र ९.८. लोहाच्या गोळ्या आणि पाळीत घ्यायला दुखण्याची गोळी. लोहाच्या गोळ्यांचं तो बघायचा, रोज रात्री जेवणानंतर लिंबाच्या सरबताबरोबर, चहाबरोबर नाही, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. किती घेतल्या किती राहिल्या ते त्याला तोंडपाठ, शेवटी स्टॉकचाच माणूस.

दुसरी पाळी ३१ ऑगस्टला आली. मी बोटं मोजली, पाच, फार तर सहा तारखेला मोकळी. सात तारखेला गणपती, दहाला महालक्ष्म्या बसणार. (तुमच्याकडे गौरी म्हणत असतील, आमच्याकडे महालक्ष्म्याच.) गणपतीच्या दिवशीसुद्धा डाग दिसत होता. आठला होता. नऊला होता. आणि आमच्याकडे महालक्ष्म्यांचं सोवळं म्हणजे सोवळं, सासूबाई वर्षभर बाकी काही मानत नाहीत एकवेळ, पण त्या तीन दिवसांत पाळीतल्या बाईने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. या बाजूला बसण्याबद्दल माझं मत काय ते विचारू नका, मत आहे, पण घर त्यांचं आहे, महालक्ष्म्या त्यांच्या सासूच्या सासूच्या आहेत आणि प्रत्येक लढाई मी लढत बसले तर पोरांना आंघोळ कोण घालणार?

प्रश्न असा की सांगायचं काय. सहाव्या दिवसानंतर बाई मोकळी असते हा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का. अकराव्या दिवशी "अजून नाही" म्हटलं की का ते सांगावं लागणार आणि कॉपर-टीचं आम्ही घरात बोललो नव्हतो. मी त्याला म्हटलं, मी खोटं बोलून टाकते, मोकळी आहे म्हणून सांगते आणि करते पुरण. तो थोडा वेळ मुलाचे मोजे जुळवत बसला. मग उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाला, मी पडद्यामागून ऐकलं सगळं, "आई, आम्ही कॉपर-टी बसवलीये. तिला सध्या जास्त दिवस जातं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तर यंदा पुरण मी वाटतो, सोळा भाज्या मी चिरतो, तू सांगशील तसं सोवळं नेसतो."

आम्ही बसवलीये. "हिने" नाही म्हणाला. मला तेवढं पुरलं.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. एका मिनिटाने फक्त, "तांबी बसवलीत होय." त्या माहेरच्या अकोल्याच्या, त्यांचा शब्द तांबी. आणि मग, "ती वर चढते म्हणतात, छातीत जाते." त्यावर हा हसला नाही हे मोठंच. म्हणाला, गर्भाशयाची पिशवी वरून बंद असते आई, कुठे जाईल. (हजारात एखादीला बसवताना पिशवीला टोचून बाहेर जाऊ शकते हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते त्याने तिथे सांगितलं नाही आणि बरंच केलं.)

१० तारखेला महालक्ष्म्या आल्या, ११ला जेवण. सोवळं नेसून, घामाघूम होऊन हा माणूस पुरणयंत्र फिरवत होता आणि दर पाच मिनिटांनी माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारत होता की जायफळ किती. पुरण पातळ झालं, पोळ्या फुटल्या. सवाष्णींनी खाल्ल्या. सासरे हॉलमध्ये पेपर वाचत होते, त्यांना कोणीच काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही, मुलगा सोवळं नेसून का फिरतोय एवढंसुद्धा नाही. यांचं मला कौतुक वाटतं कधी कधी.

रात्री सगळं आवरल्यावर सासूबाई माझ्या खोलीच्या बाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे, पाट घेऊन बसल्या. आत आल्या नाहीत, सोवळं होतं ना. पाय दाबत म्हणाल्या, माझं ऑपरेशन शाळेत झालं. नणंद सव्वा वर्षाची होती. शिबिर लागलं होतं, वर्गात सतरंज्या टाकलेल्या, आम्ही बायका ओळीने. "यांनी कागदावर सही केली आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन विचारलं, स्वयंपाकाचं काय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला विचारलं कुठे होतं गं कोणी, हवंय का म्हणून." मी काय बोलणार. मी म्हटलं, आई, लोहाच्या गोळ्या तुम्हीपण घ्या, तुम्हालाही धाप लागते. त्या म्हणाल्या, बघू. आणि उठून गेल्या. तो विषय परत कधी निघाला नाही, पण दसऱ्यापासून त्या माझ्या ताटात आपणहून बीट वाढायला लागल्या. मला बीट अजिबात आवडत नाही.

तिसरी पाळी पण वाईटच गेली. ऑक्टोबरमध्ये एका रात्री मी खरंच म्हटलं की नको मला हे, काढून टाकते. कंबर मोडलेली, दोन्ही पोरं तापलेली. त्याने वाद नाही घातला, थोडे दिवस धर असंही नाही म्हटलं, जे ऐकलं असतं तर मी उशी फेकून मारली असती. म्हणाला, "डॉक्टरांनी तीन ते सहा महिने म्हटलंय, पण तुला नको असेल तर उद्या सकाळी जाऊ. पुढचं माझ्याकडे." पुढचं माझ्याकडे म्हणजे काय, कंडोम की ते घड्याळ बघितलेलं दुसरं काही, ते मी विचारलं नाही. सकाळी उठल्यावर वाटलं अजून एक महिना बघू. चौथी पाळी सात दिवसांची झाली. पाचवी पाच. मग तशीच राहिली. हिमोग्लोबिन फेब्रुवारीत ११.६.

एक सांगायचं राहिलं, मावसबहिणीने लाजत विचारलेलं, नवऱ्याला टोचतं का. सुरुवातीला दोरा त्याला जाणवायचा थोडा. त्याने ते मला सांगायला तीन आठवडे लावले आणि मग डॉक्टरांना फोन स्वतः केला, गच्चीवर जाऊन. दोरा नंतर मऊ पडतो, आणि नाहीच जमलं तर अजून आखूड करून देतात, काढायची गरज नसते. आमचा मऊ पडला. आणि हो, दोरा आहे की नाही हे पाळी झाल्यावर बोट घालून बघायचं असतं, पहिले काही महिने तरी, कारण निसटली तर बहुतेक त्याच काळात निसटते आणि कळतही नाही. दोरा लागला नाही किंवा एकदम लांब लागला तर डॉक्टर. ताप, घाण वास, पोटात खूप दुखणं असेल तरी डॉक्टर. आणि पाळी चुकली तर कॉपर-टी आहे म्हणून बसून राहायचं नाही, पट्टी करून बघायची.

कार्ड आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, गॅसच्या डायरीच्या बाजूला. त्याने मोबाइलमध्येही टाकून ठेवलंय, २०३४चं रिमाइंडर, तोवर हा मोबाइल राहणार आहे का विचारलं तर चिडतो.

गेल्या रविवारी त्याच्या दवा बाजारातल्या एका दोस्ताचा फोन आला. त्याच्या बायकोला बसवायचीये, भाभी से बात करा दे यार. हा फोन घेऊन स्वयंपाकघरात आला माझ्याकडे द्यायला. माझे हात कणकेत. मी म्हटलं, तूच सांग ना, तू होतास की सगळीकडे. तो ओशाळला, मग बाल्कनीत गेला. मी पोळ्या लाटत ऐकत होते. "नहीं यार, साइन-वाइन कुछ नहीं लगती... तू पहले छुट्टी डाल और साथ में जा... हाँ, शुरू में ब्लीडिंग होती है, तो घर का काम तू देख लेना... चलती है ना, पाँच साल चलती है..."

मी आतून ओरडले, "दहा! आपली दहावाली आहे!"